तावेतेच्या कबरीवर बोललो ते

१४ ऑक्टोबर १९४४, कबाव खोरं, ब्रह्मदेश

तावेतेच्या छातीवर आज जनरलसाहेबांनी फीत लावली. पदक मागाहून समुद्रापार सोंगेया गावी, त्याच्या आईकडे जाणार. जपानी मशीनगनवर एकटा धावून गेला, चौघांना मारलं, असं वाचून दाखवलं. रांगेत परत येताना मला म्हणतो, "ओझेवाल्या, डोक्यावर पेटी नसली की तुला सरळ उभं राहता येत नाही होय?"

मी न्यामवेझी जमातीचा. आमच्या आजोबांनी ओझी वाहिली. हा एंगोनी जमातीचा. याच्या आजोबांनी आमच्या गाई पळवल्या. म्हणून आमच्यात हक्काची थट्टा — आई, नाक, बायको, काहीही काढायचं. रागावला तो हरला.

मला उत्तर सुचलं, पण ताटलीतली मक्याची पोशो थंड झाल्यावर.

मशीनगनच्या दिवशी मी त्याच्याबरोबर होतो. त्याबद्दल या वहीत लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही.

१९ ऑक्टोबर

तावेते आज दाढी करता करता म्हणाला, "मी मेलो तर कबरीवर थट्टा तुलाच करावी लागेल. नाहीतर लोक म्हणतील, बेवारस मेला. आत्तापासून पाठ कर. तू अडखळत बसशील नि माझा वास सुटेल."

२ नोव्हेंबर

तीन टोमणे लिहून काढले. शुद्धलेखन तपासलं. एकही चांगला नाही.

११ नोव्हेंबर

तावेते गेला. ओढा ओलांडताना मोर्टारचा गोळा पडला. बावीस वर्षांचा होता.

१२ नोव्हेंबर

रिवाजाप्रमाणे खड्ड्यात आधी मी आडवा झालो. म्हणालो, "ही जागा माझी. गाईचोरानं दुसरी बघावी." सार्जंट-मेजर कोम्बा त्याच्याच जमातीचे. त्यांनी दोन सिगारेटी देऊन मला उठवलं. टोमण्यांचा कागद खिशातच राहिला. तोंडातून भलतंच निघालं — "हा कसला वीर! चड्डीत लाल मुंग्या शिरल्या म्हणून बोंबलत पळाला. पळायची दिशा चुकली, तर समोर मशीनगन!"

सगळे पोट धरून हसले. कोम्बा हसता हसता रडले. नवे गोरे लेफ्टनंट तेवढे हसले नाहीत. खिशातली वही काढून त्यांनी काहीतरी लिहिलं.

१४ नोव्हेंबर

लेफ्टनंटांनी बोलावलं. त्यांची स्वाहिली पुस्तकातली. "तू कबरीजवळ जे कथन केलेस, ते सत्य आहे काय?"

कोम्बा म्हणाले, "साहेब, ती रीत आहे. एंगोनी मेला की न्यामवेझी असंच बोलतो."

"रीत असो. मुंग्या होत्या की नव्हत्या?"

मी टोपी काढून पुन्हा घातली.

"मुंग्या असल्यास पदक मातेस पाठवता येणार नाही. उद्या लेखी दे."

बाहेर आल्यावर कोम्बांनी माझा कान पिरगळला. "एवढी वर्षं एक धड टोमणा सुचला नाही तुला, आणि सुचला तो हा?"

१५ नोव्हेंबर

लिहून दिलं — तावेतेला मुंग्या चावल्या नव्हत्या, मी खोटं बोललो. सही केली. पदक आईकडे जाईल.

लिहिलं ते खरंच आहे. मुंग्या माझ्या चड्डीत होत्या. बोंबलत मी पळालो, थेट मशीनगनकडे; तो मला मागे ओढायला धावला. आणि नंतर थट्टेत त्यानं सगळं काढलं, हे एकदाही नाही.