कटकचा पाहुणा आणि माझी राष्ट्रीय एकात्मता

६ जानेवारी १९७४
कॉलेजच्या एक्स्चेंज स्कीममधून ओरिसातल्या कटकचा प्रफुल्ल मोहंती महिनाभर आमच्या घरी. शेवटी तोच सांगणार, बदल्यात त्याच्या घरी राहायला सोलापूरचं कोण जाणार. म्हणजे मीच. दुसरं आहे कोण? वर्गातला धोंडीराम? त्याचं इंग्रजी त्याच्या मंद्रूप गावची वेस ओलांडत नाही.

७ जानेवारी
आईला, म्हणजे अव्वाला, बजावलं. भाकरी, शेंगाचटणी पाहुण्यासमोर आणायची नाही. ब्रेड-बटर. इम्प्रेशन! अव्वा म्हणाली, प्वार उपाशी मरंल की. तिला नॅशनल इंटिग्रेशन कळत नाही.

१२ जानेवारी
एक्स्चेंजचा मोठा फायदा म्हणजे इंग्रजी सुधारतं. पण मी इंग्रजीत विचारतो आणि हा सहा दिवसांत उचललेल्या मराठीत उत्तर देतो. तेही अव्वाच्या मराठीत! आज म्हणाला, लई गार हाय की. डोकं फिरलं.

१५ जानेवारी, सकाळी
चुलीपुढं पकडला. भाकरी थापत होता. तिसरी टम्म फुगली तर अव्वानं त्याची दृष्ट काढली. माझी मॅट्रिकच्या रिझल्टलासुद्धा काढली नव्हती.

२० जानेवारी, रविवार
धोंडीराम बोलवायला आला, त्यांच्या रानात हुरडा खायला. साफ नकार दिला. धूळ, धूर, बैलगाडी. पाहुण्याला दाखवायची गोष्ट आहे का ही? त्यापेक्षा कटकवरचा माझा अभ्यास त्याला वाचून दाखवायला बसलो. महानदीची लांबी चालू असताना वर बघितलं तर हा गायब. संध्याकाळी राखेनं काळे हात घेऊन आला. लई खूश. आप्पा त्याच्याशी तासभर ज्वारीवर बोलले. मला कुणी विचारलं नाही.

२ फेब्रुवारी
प्रफुल्लला विचारलं, तुमच्या घरी माझी खोली कुठली? नुसता हसला. होकारच की तो.

४ फेब्रुवारी
प्रफुल्लनं प्राचार्यांसमोर धोंडीरामचं नाव घेतलं! मी कारण विचारलं. म्हणाला, शिवपुत्र, महिनाभरात तू मला तुझं गाव दाखवलं न्हाईस, माझं गाव येऊन काय बघणार? प्राचार्यांनी मान डोलावली. सगळं पॉलिटिक्स. वशिला असणार.

६ फेब्रुवारी
दोघांना सोडायला स्टेशनवर गेलो. अव्वाही आली. धोंडीरामकडं धड पांघरूण नाही म्हणून तिनं माझी नवी चादर त्याला दिली. मला न विचारता. गाडी हलली आणि मला रडूच आलं.
अव्वानं पाठीवर हात फिरवला. म्हणाली, रडू नगं, लई माया लागली व्हय रं त्याची?
मी व्हय म्हणालो.