प्रार्थना इकडेच घे

रुचिका बेटा,

तुझ्या सासूच्या, माझ्या रुखमिणीच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जात आहे. तुमच्या प्रार्थना-मंडळीत मेणबत्ती मानत नाहीत, म्हणून तुला सोबत बोलावलं नाही. मनात काही आणू नको.

मागच्या रविवारी मी म्हणालो की या घरात ढोलक आणि टाळ्या चालणार नाहीत. म्हणून आजची प्रार्थना तू तुमच्या मंडळीतल्या टीनाच्या अंगणात ठेवली. ती इकडेच घे. सतरंज्या झटकून ओसरीत टाकल्या आहेत. चहाचं मोठं पातेलं खाली काढून ठेवलं आहे.

आमच्या चर्चमध्ये गीतं बसून, हळू म्हणतात. मला तेच आवडतं आणि आता या वयात ते बदलणार नाही. पण रुखमिणी म्हणायची, "देवाले दोन्ही आयकू येते, मंग तुमालेच काहून तरास होते?"

तिची खुर्ची भिंतीशी आहे. तिच्यावर एखाद्या म्हाताऱ्या बाईला बसव.

मी आलो की घरामागे सांदवाडीत, परसात बसेन. मला पाहून आवाज कमी करू नका. ती गेल्यापासून घर फार चूप आहे.

मामाजी