पाहुणी नात्यातली नको

११ जून
सहा दिवस वही उघडली नाही. आळस नाही — भीती. लिहिलं की खरं होतं.

थान्दार मावशी यांगोनची. नऊ वर्षांपूर्वी आमच्या पोथ्या अभ्यासायला इथे मेदानला आली, तेव्हा आईच्या माहेरच्यांनी, सितोहांगांनी, उलोस, म्हणजे आमची मानाची विणलेली शाल, पांघरून तिला कुळाची लेक करून घेतलं. तेव्हापासून ती मामांची बहीण. माझी मावशी.

आता बँकॉकमध्ये अडकलीय. २० तारखेला तिथला मुक्काम संपतो. मायदेशी गेली तर लष्करवाले विमानतळावरच उचलतील. मामांच्या विद्यापीठाने पाहुणी संशोधक म्हणून बोलावलं तरच सुटका.

मामा यजमान म्हणून चालतात — कायम नोकरी, डॉक्टरेट, निवृत्तीला सहा वर्षं बाकी. अर्जात शेवटचा प्रश्न: पाहुण्याशी नातं आहे का? मामांनी ठासून लिहिलं — होय, सख्खी बहीण! नात्यातला पाहुणा चालत नाही; अर्ज परत.

१२ जून
"मामा, 'नाही' लिहा ना. एक खूण तर करायचीय."
"गाढवा, कुळासमोर तिला बहीण म्हटलंय मी. आता लिहू, कोण ही बाई, ओळखत नाही?"
"तुरुंगात जाईल ती!"
जेवण अर्धं टाकून उठले.

१३ जून
दुसरा यजमान शोधला. विभागात डॉक्टरेटवाले आणखी दोनच. एकांची निवृत्ती पाच महिन्यांवर — नियमात बसत नाहीत. उरले पांगारिबुआन सर. हो म्हणालेच होते! मग सवयीने नातं मोजायला बसले. "थांब. माझी बायको सितोहांग. म्हणजे थान्दार माझी मेव्हणी! मेव्हणीला परकी म्हणू? बायको घरात घेईल का?" वर तळलेली केळी खाऊ घातली. मी सात खाल्ली. मग दुरियान फळं विकणाऱ्यापाशी उगाच तासभर गप्पा. असाच मी! सात दिवस उरलेत.

१४ जून
मामांचे अर्ज संगणकावर मीच भरतो. 'होय' पुसलं. 'नाही' केलं. पाठवलं. मामांना एवढंच सांगितलं — तोच अर्ज पुन्हा पाठवलाय.

१६ जून
मंजूर!!
मामांनी पाठीत धपाटा घातला. "बघ भाच्या, खरं लिहिलं म्हणून मिळालं."
मी मान डोलावली.

१७ जून
परदेशी पाहुण्यांचं कार्यालय विद्यास्तुतीबाईंकडे. जावा बेटावरच्या. आवाज गोड, नजर सुरीसारखी. म्हणाल्या, "पाहुणीला येऊ द्या, पण यजमान आणि पाहुणी, दोघांना समोर बसवूनच मी सही करते. नातेवाईक घुसवणारे फार झालेत."

१८ जून
मावशीला फोन केला. "बाईंसमोर मामांना दादा म्हणू नकोस."
"मग काय म्हणू?"
"प्रोफेसर."
तिने तो शब्द एकदा म्हणून पाहिला. मग म्हणाली, "तुझ्या मामांना माहीत आहे का हे?"
रेंज गेल्याचं सोंग केलं.

१९ जून, सकाळ
मावशी पोचली. किती वाळलीय! विमानतळावर मामा रडले. दहाला सही.

१९ जून, दहा वाजून पाच
कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. दार उघडंच आहे. आत मावशी "प्रोफेसर" म्हणाली. मामांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

फाटकात मिनीबस थांबलीय. सामोसिर बेटावरून आलेले कुळाचे थोरले आजोबा उतरलेत, मागून वीसेक माणसं, ढोलासकट. दरवानाला मोठ्याने विचारताहेत — "आमची लेक कुठे बसलीय?"