बटणांच्या डबीतली अर्धुकं

३ मार्च
अर्धी! आजपासून अर्धीच गोळी. अकरा वर्षं रोज सकाळी अख्खी गिळली. आई गेली तेव्हा डोळ्यांत टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, केवढा धीराचा! धीर कसला, उदासीवरचं औषध होतं. एकदा तरी रडता यावं म्हणून सोडतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हळूहळू. घाई केलीत तर परत माझ्याच दारात याल."

सर्वनाश दिसला की शहाणा अर्ध्यावर पाणी सोडतो, असं लहानपणी घोकलं होतं. चला, शहाणे होऊ.

बायको शिवणकाम करते. तिने उसवायच्या ब्लेडने दहा गोळ्यांची वीस अर्धुकं केली आणि बटणांच्या डबीत ठेवली. वीस दिवसांची बेगमी.

६ मार्च
मान वळवली की डोक्यात वीज चमकते. संस्कृतात विद्युल्लता. केवढा नाजूक शब्द! प्रत्यक्षात उघडी वायर.

९ मार्च
आब्रू गेली. पुलाच्या उद्घाटनाची बातमी कार्यक्रमपत्रिकेवरून आधीच लिहून ठेवली होती — आम्ही वार्ताहर सगळेच ठेवतो. समारंभ पुढे ढकलल्याचा निरोप आला, तरी तो विसरून मी तशीच पाठवली. टाळ्यांच्या कडकडाटासकट! छापून आली. संपादक: "शास्त्रीबुवा, टाळ्या कोणी वाजवल्या? नदीतल्या माशांनी?"

हसलो. मग संडासात कडी लावून बसलो. रडू नाही. नुसता घाम.

१० मार्च
शिलाई मशीन बंद कर म्हणून हिच्यावर खेकसलो. केली.

१३ मार्च
डबी रिकामी! वीस अर्धुकं, दिवस दहाच. म्हणजे मी भ्रमात दोनदा घेतोय. म्हणजे अख्खीच! मग ही वीज, हा घाम कशाचा? गोळी सुटली नाही, हाल मात्र सुटल्याचे. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणंसुद्धा हाती नाही.

हिला विचारलं, "मी दोनदा घेतो का गं?"

"घेत असाल. विसराळू आहातच." ती सुईत दोरा ओवत होती. दोरा काही जाईना.

मी यातून बाहेर पडत नाही. मरेपर्यंत नाही.

१४ मार्च
हिने गोळ्यांची दुसरी पट्टी कापली. पुन्हा वीस. आता गोळी घेतली की लगेच इथे फुली मारायची. ×

१५ मार्च
×

१६ मार्च
× वीज तीनदा. जगायचा कंटाळा, मरायचाही आळस.

१७ मार्च
× फुल्या चार. डबीत सोळा हवीत. बारा आहेत.

म्हणजे मला भ्रम झालेला नाही. आणि घरात माणसं दोनच.

१८ मार्च
डबी हिच्यापुढे ठेवली. ती झाकणाची उघडझाप करत बसली.

"कधीपासून?"

"गोळ्या कधीपासून ते विचारताय, की दुखणं?"

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"गोळ्या डबीत ठेवल्या त्या दिवसापासून. दुखणं जुनंच. पण घरात पेशंटची जागा भरलेली होती ना!"

विनोद माझ्या पद्धतीचा होता. अकरा वर्षं तिने तोच ऐकलाय.

१९ मार्च
दोघं दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बोला, आज कोणाला दाखवायचंय?" मी सवयीने तोंड उघडलं. हिने हात वर केला — शाळेतल्या मुलीसारखा.

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला.