आधी नट, मग पाय

तीर्थरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (गेला आठवडाभर मी गाडीखाली उताणा पडून आहे, तेव्हा नमस्कार उलट्या बाजूने पोहोचला तर गोड मानून घ्यावा.) तुमची पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तुमच्या बहिणीची प्रकृती विचारत नाही. ती उत्तमच असणार, माझ्यापासून लांब आहे ना.

ती अशी अचानक तुमच्याकडे का आली, हे तिने सांगितलं नसेलच. ("सहज आले," एवढंच म्हणाली असेल.) म्हणून मीच सांगतो, मान खाली घालून. तुमच्या बाबांची गाडी आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये किती वर्षं उभी होती ते तुम्हाला ठाऊक आहे. ते गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. यंदा हिने रीतसर गाडी शिकून घेतली आणि म्हणाली, चालवीन तर बाबांचीच. नवी बॅटरी घातली, इंजिन कुरकुरत सुरू झालं, गाडी फाटकापर्यंत आली आणि पेडल थेट तळाला टेकलं. ब्रेक नावापुरते. हँडब्रेक ओढला म्हणून फाटक वाचलं. ही म्हणाली, मेकॅनिकला बोलावू. इथे शहाण्या माणसाने हो म्हणायचं असतं. मी म्हणालो, घरात माणूस असताना?

निदान मी मोठ्या झोकात केलं. आधी म्हणालो, गंज आहे. इतकी वर्षं उभ्या गाडीला गंज चढणारच, चार वेळा ब्रेक मारले की खरवडून निघेल. मारले. खरखर खूप झाली, पेडल होतं तिथेच. मग म्हणालो, हवा. पेडल भराभर दाबलं की जरा कडक लागायचं, म्हणजे नळीत हवा शिरलेली. हे खरं निघालं आणि तिथेच घात झाला, कारण त्यानंतर मी कुणाचं ऐकेनासा झालो. (एरवी ऐकतो असं ही म्हणणार नाही, पण तो विषय वेगळा.)

ब्रेकची हवा काढायला दोघं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा नट ढिला करून तेलाबरोबर हवा जाऊ द्यायची, नट परत आवळायचा, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. ही पेडलवर, मी नटावर. मी मात्र "सोड" म्हणून मोकळा व्हायचो आणि नट मागाहून सावकाश आवळायचो. गेलेली हवा पेडलबरोबर परत आत. हिने आतून सांगितलं, "अहो, आधी नट, मग पाय. बाबांबरोबर पेडलवर मीच बसायचे." मी म्हणालो, "मला शिकवू नकोस." सकाळ अशीच गेली, पेडल आणखी मऊ झालं, आणि फाटकाशी जमलेल्या मंडळींसमोर मी ओरडलो, "साधं पेडल दाबता येत नाही, आणि निघाली बापाची गाडी चालवायला!" दादा, हे वाक्य लिहितानाही हात जड होतो. ती उतरली, हात धुतले, पिशवी भरली आणि बस धरली.

मला तेव्हाही लाज वाटली नाही. ती वाटायला कुत्रा लागला. मागच्या चाकापाशी रोज एक ओला डाग दिसायचा. तो मी शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांच्या कुत्र्याच्या नावावर टाकला होता. तावातावाने भांडूनही आलो होतो, आणि त्यांनी बिचाऱ्याला साखळीने बांधून ठेवलं होतं. ही गेल्यावर पाहतो तर कुत्रा बांधलेला आणि डाग ताजा. बोट लावून वास घेतला. ब्रेकचं तेल. चाक काढलं, ड्रम काढला, तर आतल्या सिलिंडरचं रबर वाळून चिरलेलं आणि सगळं तेलाने माखलेलं. म्हणजे गळती तिथून, हवा भरणारा मी, आणि खापर हिच्या पायावर आणि मुक्या जनावरावर. हेडमास्तरांची माफी मागितली. कुत्र्याचीही मागितली. त्याने लगेच हात चाटला. (तुमच्या बहिणीकडून इतक्या लवकर अपेक्षा नाही.)

फार लिहिलं. वहिनींना नमस्कार. झालं गेलं पोटात घाला.

तुमचा,
तोंड दाखवायला जागा न उरलेला मेहुणा

ता. क. खरं काम राहिलंच. रबर नवं बसवलं, ब्रेक शू बदलले, पण हवा काढायची बाकी आहे आणि पेडलवर बसायला माणूस नाही. तेवढ्यासाठी हिला पाठवा. गाडीचं काम आहे म्हणा, माझं नाव काढू नका.

पुन्हा ता. क. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? परवा हेडमास्तर पेडलवर बसले, हवा निघाली, पेडल आता दगडासारखं कडक आहे. गाडीचं काही अडलेलं नाही. माझं अडलंय. हे तिला कळू देऊ नका.

आणखी एक. तुमच्या घरी आलेलं पाकीट आधी तीच फोडते, हे विसरलोच. तर, अगं, वाचतेच आहेस तर ऐक. तुझंच खरं होतं. काल त्याच मंडळींना फाटकाशी बोलावून मी हे मोठ्याने सांगितलं. सगळे हसले, हसू दे. गाडी धुऊन फाटकाशी उभी आहे. मी ती बाहेर नेलेली नाही. पहिली फेरी तुझी.