सात अखंड सकाळी

३ मार्च
नवं घर आवडलं. छापखान्यातली नवी नोकरी पायी दहा मिनिटांवर, वर मोकळी गच्ची, आजूबाजूला एकही उंच इमारत नाही. पूर्वेच्या कठड्याशी आईची खुर्ची मांडली, शेजारी माझी अँटेना. उल्का पाहायला लोक अंधार शोधतात. मी त्या रेडिओवर, भर उन्हात ऐकतो. क्षितिजापलीकडचं एक स्टेशन एरवी इथे लागत नाही. उल्का जळत गेली की तिच्या वाटेवर आपटून ते क्षणभर उमटतं. टिंग! प्रार्थना आटोपून तासाभरात एकोणीस मोजल्या. देवाचा कारभार अफाट आहे.

५ मार्च
आज एक नाद विरलाच नाही. चाळीस मिनिटं टिकला आणि सूर चढत गेला. सूर चढतो म्हणजे वस्तू जवळ येते. अँटेना फिरवून पाहिली. सरळ वर धरली की नाद सर्वांत मोठा. हौशी खगोल मंडळाच्या चिटणिसांना फोन केला. म्हणाले की काका, तुमचा फ्रिज उल्का पाडतोय, आधी त्याचं बटण बंद करा. मागे चारचौघं खिदळली. मी खेड्यातल्या शाळेत शिकलो म्हणून मला फ्रिज कळत नाही? वर म्हणाले की सात सकाळी खंड न पाडता नोंद आणा, मग बघू. आणतोच. आजची पहिली. ह्याच वहीत लिहीन आणि हीच त्यांच्यापुढे आपटीन.

७ मार्च
कालही तासभर नाद होता, ती दुसरी नोंद. आज मेन स्विच बंद ठेवून, बॅटरीवर ऐकलं. नाद आहेच. दोन तास! आई म्हणाली की अरे, माझ्या अंगावर सावली कसली पडतेय? गार लागतंय. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पण तिच्या मांडीवर ऊन नव्हतं, हे मीही पाहिलं. मला ताईकडे पोचव म्हणाली. दिवसभराचा प्रवास, खंड पडला असता. मी म्हटलं, अजून चारच सकाळी.

८ मार्च
ताईचा फोन. आईने तिला कळवलं असणार. म्हणाली की तुझ्या त्या टिंगटिंगीपायी म्हातारीला काकडत बसवतोस, लाज नाही वाटत? मी ओरडलो की आईला बघायला मी काय मेलोय? रागात जपही झाला नाही. चिटणिसाचं हसू कानातून जात नाही.

९ मार्च
आईला खालीच ठेवलं. आज नाद वरून नाही. अँटेना आडवी केली, फिरवली — जिन्याकडे. जिन्यात कुणी नव्हतं. पायऱ्यांवर ऊन नव्हतं.

१० मार्च
अँटेना घरात आणली. नाद आईच्या खोलीकडून. ती पलंगावरून खिडकीशी गेली — नाद तिच्याबरोबर सरकला. हात बर्फासारखे. आता ताईचं नाव काढत नाही. म्हणते की बरं वाटतंय, हलकं वाटतंय. आत्ताच्या आत्ता तिला न्यायला हवं. पण एकच सकाळ. एकच! त्या चिटणिसाच्या तोंडावर —

११ मार्च
सात झाल्या.

पलंग रिकामा. दाराला आतून कडी. गच्चीवरही नाही.

अँटेना वर केली. नाद वर.

सूर उतरतोय — दूर चाललंय — नादात ती मला हाक —

मी खोटारडा! मी अडाणी! सातही सकाळी खोट्या, ही वही फाडतो, बघ, फाडतो, पण तिला खाली सो—