माझ्या विहिरीचं पाणी पास झालं

चैत्र, सन ९१

चि. पितांबर यास अक्काचा आशीर्वाद. धुळ्याला तू, सुनंदा, लेकरं बरी असाल. इकडे तुझे दाजी बरे आहेत, खरजेने दोन्ही पाय सोललेत तेवढं सोडून. म्हैस मेली. (सुनंदाला लगेच सांगू नको, ती तुपाची वाट बघत असेल.) मी चौथी शिकलेली, म्हणून चार ओळींत आटपणार होते. पण राग चार ओळींत मावत नाही.

शिवेवरचा मक्याच्या पिठाचा कारखाना तुला ठाऊक आहे. त्याचं आंबलेलं पाणी नाल्यात येतं, नाल्यातून माझ्या विहिरीत झिरपतं. दोन वर्षांमागे त्यांनी मोठा हौद बांधला, वर पंखे बसवले. तिथल्या केमिस्टने मला समजावलं, की शेणातले जंतू हौदातली घाण खातात, पंख्याने पाणी घुसळलं की त्यांना हवा मिळते, मग ते पाणी नाल्यात सोडलं तरी बाधत नाही. जंतू लावायला माझ्या म्हशीचं चाळीस टोपल्या शेण नेलं. (मी हौसेने दिलं. विरजणाला कोणी नाही म्हणतं का?) पण पंख्याला वीज लागते. म्हणून पंखे फिरतात ते तू नोकरीला आहेस त्या प्रदूषणवाल्या हापिसची जीप यायची असली की. एरवी जंतू गुदमरून मरतात नि घाण जशीच्या तशी खाली येते. तेच नाल्याचं पाणी म्हैस प्यायली. जिच्या शेणावर हौद सुरू झाला, तीच पोट फुगून गेली.

मी अर्ज केला. होळीनंतर तुमचा साहेब आला. दोन दिवस आधीपासून पंखे गरगर चालू, नाला चकचकीत. मी जीपच आडवली, म्हटलं आता माझी विहीर बघा. साहेब नाकाला रुमाल लावून जीपमध्येच बसला आणि शिपायाकडून बाटली धाडली, विहिरीचं पाणी भरून द्या म्हणे. पोहरा ओढला. वर फेस, आत सडका वास. पितांबर, भर उन्हात दारी आलेल्या माणसाच्या बाटलीत हे भरायचं? मला वाटलं, साहेब घोटभर पिऊन बघणार. आईने आपल्याला असं नाही शिकवलं. पोहरा ओतून दिला, घरात आले, फाट्यावरच्या हापशाचं माठातलं पाणी दुहेरी फडक्याने गाळून बाटली भरली. वाळा टाकणार होते, तो संपला होता.

वीस दिवसांनी कागद आला. द्रौपदाबाईच्या विहिरीचं पाणी पिण्यास उत्तम. कारखान्याने तो पंचायतीच्या भिंतीला चिकटवला. बठ्ठं गाव वाचून गेलं. शेजारची भिकुबाई म्हणते, "अक्का, तुन्हं पाणी पास व्हयनं, आते आम्हन्या म्हशीस्ले बी पाज!" तुझे दाजी आठ दिवस बोलले नाहीत. (तेवढंच घर शांत.) मॅनेजरला जाऊन खरं सांगितलं, तर तो गोड हसून म्हणाला, बाई, कागद तुमच्याच विहिरीचा आहे.

तुझी अक्का,
द्रौपदा

ता. क. आखाजीच्या सणाला मला माहेरी न्यायला येऊ नको. मेलीची पारडी मागे आहे, तिचं पाणी मी फाट्यावरून डोक्यावर आणते. मी माहेरी झोके घेत बसले तर ती नाल्यावर जाईल. माझ्याऐवजी साहेबाला जीपमध्ये घाल नि इकडे धाड. पोहरा त्यानेच ओढावा.

आणखी ता. क. येणार तो दिवस कारखान्याला कळू देऊ नको, पंखे सुरू होतील. मलाही कळवू नको. कळलं तर मी आदल्या दिवशीच माठ भरून ठेवीन.